चावी, बादली आणि देवळातली घंटा

बालमित्रांनो, आज आपण एक शोधमोहीम काढू या. तिकीट नको, डबा नको. नुसतं घरात फिरायचं आणि दिसेल त्या वस्तूचं नाव मोठ्यानं घ्यायचं.

कुलपाची चावी. मोरीतली बादली. स्वयंपाकघरात पाव आणि बटाटा. डब्यात काजू (असले तर!). आईबाबांचा पगार. आणि ज्याच्यासाठी उन्हाळ्यात भावंडांची भांडणं होतात, तो हापूस. सांगा पाहू, या सगळ्या शब्दांत सारखं काय?

हरलात? हे सगळे शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आले आहेत! बादलीला ते ‘बाल्द’ म्हणतात. ‘अफोन्सो’ या पोर्तुगीज नावाचा आपण केला हापूस. आहे की नाही गंमत?

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि १५३४ मध्ये वसई. व्यापार आला, लढाया आल्या, आणि त्यांच्याबरोबर शब्दही आले. पाहुणे गेले, शब्द मात्र इथेच राहिले. आता तर ते इतके आपले झालेत, की त्यांना कुणी गाव विचारत नाही.

शब्दांचं झालं. आता एका वस्तूची गोष्ट ऐका. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. तेव्हा मराठ्यांनी तिथल्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या आणि देवळांत टांगल्या. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा आहे ना, त्याच्यामागे कृष्णेच्या घाटावर अशी एक घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरीमाता आहे. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या भीमाशंकरलाही अशी घंटा आहे.

घंटा लढाईत आणलेली, हे खरं. ते लपवायचं कशाला? पण मेणवलीच्या घंटेवरची ती आई आणि तिचं बाळ कुणी खरवडून काढलं नाही, हेही तितकंच खरं. सहलीला गेलात तर नीट निरखून पाहा.

वसईच्या लढाईनंतर ५३ वर्षांनी, म्हणजे १७९२ मध्ये, पुण्यात काय झालं ठाऊक आहे? पेशव्यांच्या फौजेत ख्रिस्ती शिपाई होते. त्यांना प्रार्थनेसाठी सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च ते हेच. तुमची रिक्षा किंवा बस कितीदा तरी त्याच्यावरून गेली असेल!

हे सगळं आज का सांगते? डिसेंबर आला की वर्गात कुणीतरी हळूच म्हणतं, “नाताळ त्यांचा, आपला नाही.” मग एखाद्या बाकावरचं मूल खाली मान घालतं. ते मूल चार पिढ्यांपासून पुण्याचं असतं, घरी मराठीच बोलतं, आणि पोहे तुमच्याइतकेच आवडीनं खातं. त्याला ‘बाहेरचं’ म्हणायचं, तर मग चावी, बादली आणि हापूस यांनाही बाहेर काढावं लागेल. आहे तयारी? हापूस सोडायची?

उलटीही गंमत आहे बरं का. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्याला आले. ते मराठी शिकले आणि येशूची गोष्ट त्यांनी लिहिली ती चक्क मराठी ओव्यांत! जवळजवळ ११ हजार ओव्या! ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापलं गेलं, पण रोमन अक्षरांत. म्हणजे आपण त्यांचे शब्द घेतले, तसे त्यांनीही आपले घेतले.

आता या आठवड्याचा उद्योग. घरातल्या दहा वस्तूंची नावं लिहा आणि आईबाबांच्या मदतीनं शब्दकोशात प्रत्येकाचं मूळ गाव शोधा. सुरुवात मी करून देते. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजच. त्याचा अर्थ जन्माचा दिवस. आणि वाढदिवस कुणाचाही असो, शुभेच्छा द्यायला काय हरकत आहे?