मुंबई-पुणे सायकल शर्यत: बोरघाटावर नजर ठेवा!

लातूर-नांदेडच्या सायकलप्रेमींनो, मुंबई-पुणे शर्यत बघताना आधी घाटाचं गणित समजून घ्या. नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण 360 मीटरवर, लातूर 630च्या आसपास. लोहा-अहमदपूरमार्गे ही चढण शंभरावर किलोमीटरांत पसरते, पायांना फारशी कळतही नाही. शर्यतीच्या वाटेवरच्या बोरघाटात मात्र खोपोली ते खंडाळा दहा-बारा किलोमीटरांतच जवळपास 500 मीटर चढायचं असतं!

इथे हलक्या अंगाचे चढवीर पुढे सरकतात. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळाजवळ मागच्यांचे खांदे हलू लागले, तोंडं उघडी पडली, की समजा घोळका फुटणार. जो आधी माथा गाठेल तो ‘घाटाचा राजा’.

पण राजा पुण्यात जिंकेलच असं नाही. लोणावळ्यापासून पुढे साठेक किलोमीटर जवळजवळ सपाट, मोकळा रस्ता असतो. एकट्याला वारा अंगावर घ्यावा लागतो. मागचे आळीपाळीने पुढे येतात आणि आडोशाला असलेल्याची ताकद भरपूर वाचते. म्हणून माझी पसंती घाटात वीस-तीस सेकंदच मागे राहणाऱ्या, सोबतीला दोन साथीदार असलेल्या स्प्रिंटरला. रेल्वे आणि सेनादलाच्या खेळाडूंना संघ म्हणून पळायची सवय असते, त्यांच्याकडे नीट बघा.

एकट्याने शेवटपर्यंत टिकायला स्लोव्हेनियाचा सायकलपटू तादेय पोगाचार याच्यासारखे पाय लागतात. बेल्जियममधल्या 2025च्या लिएज-बास्टोन-लिएज शर्यतीत तो ला रेदूतच्या चढावर निसटला आणि उरलेले सुमारे 35 किलोमीटर एकटाच पळून जिंकला.

आपल्याकडच्या पोरांनी माहूरचा चढ सरावाला धरावा. सुरुवात हलक्या गिअरवर, जोर शेवटच्या वळणांसाठी राखून.