बंदुकीनंतर लेखणी : गोपाळबाबा वलंगकर

आपल्या चळवळीचा इतिहास सांगताना आपण महाडच्या तळ्यापासून, नाही तर आपल्या नाशिकच्या काळाराम सत्याग्रहापासून आरंभ करतो. त्याच्या जवळजवळ चार दशके आधी महाडजवळच्या रावढळच्या एका निवृत्त सैनिकाने लेखणी उचलली होती, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ते गोपाळबाबा वलंगकर.

१८८६ साली लष्करातून निवृत्त होऊन ते दापोलीस स्थायिक झाले. महात्मा फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल संस्कार होता. १८८८ च्या ‘विटाळ विध्वंसन’मध्ये त्यांनी सवर्णांपुढे प्रश्नांची सरबत्ती केली. वकिलीची सनद नसलेल्या या माणसाने धर्मरूढीची जणू उलटतपासणीच घेतली!

पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. हा घाव केवळ पोटावर नव्हता. पगार, पेन्शन आणि पलटणीतली शाळा हीच आपल्या पहिल्या शिकलेल्या पिढीची वाट होती. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी त्याच वाटेने आले. भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला. त्यातला क्षत्रियत्वाचा दावा आज आपल्याला खटकतो. पण सरकार तेव्हा ‘लढवय्या जातीं’चीच भाषा बोलत होते.

१८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. उच्चवर्णीय सभासद नाराज झाले, वृत्तपत्रांतून वाद पेटला. १९०० साली गोपाळबाबा निवर्तले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच महाडातले.