पाणंद राखा, सायकल काढा

रविवारची पहिली मिस्सा संपली की देवळाच्या भिंतीला टेकलेल्या सायकली मोजण्याची आम्हाला सवय आहे. पूर्वी गोकुळ रोडच्या आसपासच्या वस्त्यांतून आणि शिवारातून येणाऱ्यांच्या सायकलींनी ती भिंत भरून जात असे. आता तेथे चार-पाच सायकली दिसतात, बाकी सगळ्या मोटारसायकली. गेल्या महिन्यात एका वृद्ध शेतकरी धर्मग्रामस्थांना आम्ही विचारले, "बाबा, तुमची सायकल कुठे गेली?" ते म्हणाले, "सायकल घरीच आहे, फादर. रस्ता राहिला नाही."

त्यांचे म्हणणे खोटे नाही. गोकुळ रोडवर बसस्थानक आहे, औद्योगिक वसाहत आहे, विमानतळही याच वाटेवर. ट्रक, बसगाड्या आणि रिक्षा यांच्या गर्दीत सायकलवाल्याला गटाराच्या कडेने जीव मुठीत धरून जावे लागते. म्हणून ज्यांना परवडते ते मोटारसायकल घेतात आणि ज्यांना परवडत नाही ते येणेच कमी करतात.

सायकलीसाठी वेगळी वाट असावी हा विचार आपल्या हुबळीलाही सुचलेला आहे. २०१८ साली केंद्र सरकारने शहरांसाठी 'सिटीज' नावाची योजना काढली. तिच्यात देशातील १२ शहरांचे प्रकल्प निवडले गेले, त्यांत हुबळी-धारवाडचा एक होता. उणकल तळ्यातून निघणाऱ्या नाल्याच्या काठाने पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी हिरवी वाट करावयाची, अशी ती कल्पना. या योजनेला पैसा पुरविणाऱ्यांत फ्रान्स सरकारची विकास संस्था होती. तेव्हा आम्हाला प्रश्न पडला की या फ्रेंच लोकांनी स्वतःच्या खेड्यापाड्यांत काय केले आहे?

फ्रान्समधल्या मोटारविरहित वाटा

त्यांनी केले ते असे, की नव्या जमिनी फारशा न घेता जुन्याच वाटा वाचविल्या. ब्रिटनी प्रांतात नाँत ते ब्रेस्त असा सुमारे ३६० किलोमीटरचा कालवा एकोणिसाव्या शतकात खोदला गेला. पूर्वी कालव्यातील होड्या काठावरून घोड्यांनी ओढून नेत. घोडे गेले, मालाच्या होड्याही गेल्या, पण काठाची ती वाट लोकांनी राहू दिली. आज तिच्या बहुतेक भागावर बारीक खडी दाबून बसविलेली आहे आणि त्यावरून माणसे सायकलीने दिवसच्या दिवस प्रवास करतात. कालव्याचे पाणी सपाट राहते, म्हणून काठाची वाटही जवळजवळ सपाट. म्हाताऱ्यांना आणि मुलांनाही ती झेपते.

दुसरी युक्ती बंद पडलेल्या रेल्वेमार्गांची. बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांच्या मुलखात जिव्री ते क्लुनी या जुन्या रेल्वेमार्गावर १९९७ साली अशी वाट खुली झाली. रेल्वेला उभा चढ चढता येत नाही, त्यामुळे तिच्या मार्गावर सायकलस्वाराचीही दमछाक होत नाही. आपल्या लोकांच्या ओळखीचे लुर्द घ्या. तेथूनही जुन्या रेल्वेमार्गावरून डोंगराच्या दिशेने सुमारे १८ किलोमीटरची मोटारविरहित वाट जाते. अशा वाटांना तिकडे 'हिरवी वाट' म्हणतात. २००४ साली त्यांना वाहतुकीच्या नियमांत स्थान मिळाले. इंजिनाच्या गाडीला तेथे सहसा मज्जाव असतो.

शेतकरी बंधूंनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट याच्याही पुढची आहे. महायुद्धानंतर फ्रान्समध्ये शेतांचे एकत्रीकरण झाले. मोठी यंत्रे आली, कुंपणाच्या झाडोऱ्याबरोबर कित्येक शेतवाटाही नांगराखाली गेल्या. नंतर चूक उमगली. १९८३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याने चालण्याच्या वाटांची नोंद करावी असे ठरले. नोंदलेली गाववाट विकावयाची झाल्यास तिच्या बदली दुसरी वाट देणे भाग पडले. या शेतवाटांवरून ट्रॅक्टर अर्थातच जातो. मात्र भरधाव मोटारींची रहदारी तेथे नाही.

आपली पाणंद

हे वाचून कोणी म्हणेल, तो श्रीमंत देश, आपल्याला ते कसे जमणार? बंधूंनो, आपल्याकडे ती वाट आधीपासूनच आहे. तिचे नाव पाणंद. बैलगाडीसाठी वाडवडिलांनी सोडलेली, दोन्ही बाजूंनी बांध असलेली, गावातून शिवारात आणि शिवारातून शेजारच्या गावात नेणारी. ती आपण सांभाळतो का, एवढाच प्रश्न आहे.

काही वर्षांपूर्वी एका आजाऱ्याला प्रभूप्रसाद देण्यासाठी आम्ही खानापूरकडच्या एका गावी गेलो होतो. घर मळ्यात होते. भर पावसाळा. आमची स्कूटर डांबरी रस्त्यालाच ठेवावी लागली, कारण पाणंद पाऊलवाटेएवढी उरली होती. दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी दरवर्षी एकेक तास आत घेऊन ती कोरून खाल्ली होती. त्याच रात्री आजाऱ्याचे दुखणे वाढले. गाडी घरापर्यंत येईना. चार जणांनी बाजेवरून त्यांना चिखलातून डांबरी रस्त्यापर्यंत आणले. वाटेत दोनदा बाज खाली ठेवावी लागली. पुढच्या बाजूला खांदा देणारा माणूस पाणंद कोरणाऱ्या दोघांपैकी एक होता. तो काही बोलला नाही, आम्हीही बोललो नाही. ते आजारी गृहस्थ वाचले. त्या उन्हाळ्यात त्या माणसाने आपला बांध आपल्या हाताने मागे घेतला. दुसऱ्याने घेण्यास आणखी दोन वर्षे लावली.

दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. जमिनीचा तुकडा लहान, खाणारी तोंडे अधिक, तेव्हा एक तास आत सरकविण्याचा मोह कोणालाही होतो. पण त्या एका तासातून किती पोती मिळतात आणि वाट गेल्यावर किती जाते, याचा हिशोब प्रत्येकाने घरी करून पाहावा. आजारी माणूस, बाळंतपणाची बाई, शाळेची मुले, बाजाराला जाणारे दूध आणि भाजी ही सारी त्याच वाटेने जावयाची असतात.

वाट कोठून होती हे भांडून ठरवू नये. गावचा नकाशा पाहावा. त्यात गाडीवाट दोन तुटक रेषांनी आणि पाऊलवाट एका तुटक रेषेने दाखविण्याची रीत आहे. महाराष्ट्रात अशी गाडीवाट साडेसोळा ते एकवीस फूट आणि पाऊलवाट सव्वाआठ फूट धरतात. तेथे वाट अडविल्यास १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याने तहसीलदाराकडे दाद मागता येते. कर्नाटकातही तलाठ्याकडे व तहसीलदाराकडेच जावे. शेतवाटांच्या कामासाठी आपल्या राज्यात 'नम्म होल, नम्म दारी' म्हणजे 'आपले शेत, आपली वाट' या नावाने कामे झाली. महाराष्ट्राने २०२१ साली 'मातोश्री' नावाची पाणंद योजना काढली. यंदा कोणत्या योजनेत आपले काम बसेल, हे ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे.

काळ्या रानात नुसता मुरूम टाकू नये. पहिल्या पावसात तो चिखलात बुडतो. आधी दोन्ही कडांना चर काढावेत, चराची माती मधोमध टाकून वाट उंच करावी, त्यावर दगडगोट्यांचा थर, त्यावर मुरूम, मग पाणी मारून रोलर फिरवावा. मधला भाग थोडा फुगीर ठेवला म्हणजे पाणी दोन्हीकडे वाहून जाते. ओहोळ आडवा येत असेल तेथे मोरी घालावी. पावसाळा संपताच खड्डे बुजवावेत, लहान असतानाच ते स्वस्तात बुजतात.

सायकल का?

भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसून आले. तो शहरापुरता राहिलेला नाही. ट्रॅक्टर आला, पंप आला, मोटारसायकल आली आणि शेतकऱ्याचेही चालणे घटले. आमचेही तेच झाले. घरभेटीला स्कूटरवरून जाता जाता आमच्याही रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली आणि वर म्हणाले, "फादर, पाय हलवा."

मांड्यांचे मोठे स्नायू काम करू लागले की ते रक्तातील साखर ओढून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्यातून किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला आहे. पाच दिवस अर्धा-अर्धा तास सायकलीने शेतावर गेल्यास तो पुरा होतो. शिवाय अंगाचा बराच भार बैठकीवर असल्याने गुडघ्यांना चालण्यापेक्षा सायकल सुसह्य वाटते. बैठक मात्र नीट उंच असावी. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा गुळाचा खडा ठेवावा. घाम सुटून हातपाय थरथरू लागल्यास लगेच खाऊन बसावे. छातीत दुखल्यास थांबावे आणि डॉक्टरांना दाखवावे. हृदयविकार असेल त्यांनी आधीच विचारावे.

महाग सायकलीची गरज नाही. खडीच्या वाटांसाठी परदेशात हल्ली सुमारे ४० मिलिमीटर रुंद टायरच्या खास सायकली विकतात. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा दीड इंची टायर जवळजवळ तेवढाच रुंद असतो. मुरमावर हवा किंचित कमी ठेवावी, हिसके कमी बसतात. २००६-०७ पासून बरीच वर्षे कर्नाटक सरकारने आठवीच्या मुलामुलींना सायकली दिल्या. कित्येक घरांत त्या माळ्यावर पडून असतील. त्या खाली काढून साखळीला तेल द्यावे, ब्रेकचे रबर बदलावे आणि मागे लाल दिवा लावावा.

मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी प्रत्येक वस्तीतील चार माणसांनी, त्यांत दोन्ही बाजूंचे शेतकरी असावेत, नकाशा हाती घेऊन आपली पाणंद एकदा चालून पाहावी. बोलावल्यास आम्ही येऊ, आणि सायकलीनेच येऊ. गोकुळ रोडवरची रहदारी कमी करणे आपल्या हाती नाही. आपल्या बांधाची रेषा मात्र आपल्याच हाती आहे. पुढच्या पेरणीला तास धरताना त्या चार खांदेकऱ्यांची आठवण ठेवावी. भिंतीजवळच्या सायकली मोजणे आम्ही चालूच ठेवणार आहोत.