माणदेशातून मारवाडात

सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ किंवा साताऱ्याकडचे माण, खटाव, या तालुक्यांतल्या एखाद्या गावी जा. कुलूप लावलेल्या घरापुढे उभे राहा आणि शेजाऱ्याला विचारा, "ही माणसं असतात कुठं?" पुष्कळदा उत्तर येईल, "गलाईला." मग कोणी केरळचे नाव घेईल, कोणी बंगालचे, कोणी पंजाबचे, तर कोणी राजस्थानचे. गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करून देण्याचा धंदा. विटा हे या मंडळींचे मोठे ठिकाण. खाण नाही, सोन्याची मोठी पेठ नाही, अशा मुलखातली माणसे देशभरच्या सराफकट्ट्यांत हे काम करतात, हे नवलच म्हणायचे.

त्याचे मूळ आभाळात आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. तोही वेळेवर येईल तर शपथ. 1972 चा दुष्काळ जुन्या माणसांना आठवत असेल. शेत पोसत नाही म्हटल्यावर घरातला एक जण बाहेर पडला, त्याने चुलतभावाला बोलावले, चुलतभावाने मेव्हण्याला. आता टेंभूचे पाणी खानापूर-आटपाडीच्या कितीतरी शिवारांत आले आहे, डाळिंब-द्राक्षांच्या बागा उभ्या आहेत. तरी गलाई सुटलेली नाही, कारण एकदा जमलेला धंदा कोण सोडतो?

आता समजा, तुमच्याच गावचा एक जण बायकोमुलांसह मारवाडातल्या एखाद्या लहान गावी निघाला आहे. फलोदी घ्या. 19 मे 2016 रोजी या गावी 51 अंश तापमान नोंदले गेले होते. इतक्या उन्हाची आपल्याला सवय नाही. पण पाण्याचे म्हणाल, तर आपला माणूस तिथे अगदीच कोरा जात नाही. घागर जपून वापरणे, अंघोळीचे पाणी झाडाला घालणे हे त्याला शिकवावे लागत नाही. तिथे घराजवळ जमिनीखाली बांधलेले टाके असते, त्याला 'टांका' म्हणतात. छपराचे आणि भोवतालच्या स्वच्छ राखलेल्या उताराचे पावसाचे पाणी त्यात साठवायचे आणि वर झाकण घालायचे. त्या उताराला 'आगोर' म्हणतात आणि त्यावर चपला घालूनही जात नाहीत. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूंदें' या 1995 सालच्या हिंदी पुस्तकात ही सारी व्यवस्था वर्णिली आहे. गुरुजींनी मिळवून जरूर वाचावे. हल्ली राजस्थानच्या कालव्याने सतलज-बियासचे पाणी वाळवंटात नेले आहे, तरी टाक्याची किंमत गेलेली नाही.

खाण्याचेही फारसे अडत नाही. तिथला सोगरा म्हणजे आपली बाजरीची भाकरीच, जरा जाड. तिथली 'मोठ' म्हणजे आपली मटकी. कांद्याला मारवाडी माणूस 'कांदो' म्हणतो आणि त्याच्या बोलीत आपला 'ळ'ही आहे. पूर्वी मारवाडातून निघालेला व्यापारी आपल्या पेठेत येऊन पिढ्यान् पिढ्या दुकान घालून बसला. आता आपला माणूस त्याच्या मुलखात दुकान घालतो. दोघेही पावसाने हुसकलेले, बरे का!

मग कठीण आहे ते काय? एक धंद्यातले आहे आणि एक मुलांचे.

धंदा समजून घेतल्याशिवाय त्यातला धोका कळायचा नाही. जुन्या दागिन्याच्या सोन्यात तांबे, चांदी, जस्त मिसळलेले असते. ते मुशीत टाकणखार घालून वितळवतात. सोने 1064 अंशांना वितळते, चांदी 962 ला. सोन्यातली चांदी-तांबे काढायचे, तर गंमत अशी की आधी त्यात आणखी चांदी घालावी लागते. सोने चौथा हिस्सा उरेल इतकी चांदी मिसळायची, रस पाण्यात ओतून त्याची कणी करायची आणि ती कणी तेजाबात उकळायची. सोने जास्त असेल, तर ते चांदीला आपल्या पोटात दडवून ठेवते आणि तेजाब आत पोचत नाही, म्हणून हा खटाटोप. चांदी-तांबे तेजाबात विरघळतात, तळाशी तपकिरी भुकटी उरते. ती मातीसारखी दिसते, पण धुऊन वितळवली की शुद्ध सोने. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याची पट्टी बुडवली, की चांदी पट्टीवर जमू लागते. सोनाराच्या दुकानातला केर जाळून त्यातला कण वेचणे, हीही याच धंद्याची एक शाखा.

हे सारे विश्वासावर चालते. सराफ आपले सोने परक्या मुलखातल्या माणसाच्या हाती देतो, तो कोणाच्या तरी शब्दावर. म्हणून नवा पोरगा आधी नातेवाइकाच्या दुकानी काम शिकतो. या धंद्याने वाईट दिवसही पाहिले. 1963 च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटहून शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी झाली. पुढे 1968 चा कायदा झाला, तो 1990 मध्ये रद्द झाला. 2021 पासून दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा होऊ लागला आणि शुद्धतेचा टंच काढायला यंत्रे आली.

तेजाबातून निघणाऱ्या त्या तांबूस धुराबद्दल मात्र मला जरा खडसावून सांगायचे आहे. तोंडाला बांधलेला रुमाल हा वायू अडवत नाही. शिवाय तो कपटी आहे. धूर अंगावर आला, थोडे खोकलो, बरे वाटले, असे म्हणून माणूस जेवून झोपतो आणि काही तासांनी, मध्यरात्री, त्याला दम लागतो, कारण फुप्फुसात पाणी भरू लागलेले असते. अशा वेळी दवाखान्यात गेल्यावर "तेजाबाचा धूर लागला आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगावे, नाही तर दम्याचे औषध मिळायचे. काम करायचे ते धूर ओढून घेणारा पंखा आणि उंच धुराडे असलेल्या जागी. लहान गावात भाडे वाचावे म्हणून एकाच खोलीत पुढे भट्टी आणि मागे बिऱ्हाड करणे, हे वाचवलेले पैसे पुढे दवाखान्यात जातात. त्यात पोरे झोपत असतील तर बोलायलाच नको.

आता गुरुजी, तुमच्याकडे वळतो. मूल मध्येच शाळा सोडून राजस्थानात जाते, तेव्हा ते हुशार असले तरी वर्गात मुके होते. लिपी तीच, म्हणून आई-बाप निर्धास्त असतात. पण 'शिक्षा' म्हटल्यावर आपले पोर छडी आठवते आणि तिथले मास्तर शिक्षणाविषयी बोलत असतात. 'चेष्टा करो' म्हणजे प्रयत्न कर, हे त्याला कोण सांगणार? असे वीस-पंचवीस शब्द निघण्यापूर्वी महिनाभर सांगितले तरी खूप.

दाखल्याची अडचण येऊ नये, असे कायद्यातच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरी दाखला हाती देऊन पाठवावे, परक्या मुलखात कलम वाचून दाखवण्यापेक्षा कागद दाखवणे सोपे. रेशनकार्डावर आता दुसऱ्या राज्यातही धान्य मिळते, हेही घरच्यांच्या कानी घालावे.

पालकांना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. महाराष्ट्रातल्या बहुतेक व्यावसायिक शिक्षणाच्या प्रवेशांत दहावी-बारावी कोठे केली आणि अधिवास कोठला हे पाहतात. अधिवासाच्या दाखल्याला साधारण 15 वर्षांचे वास्तव्य लागते. पोराला तिथेच वाढवायचे की आठवी-नववीला गावी आजीकडे ठेवायचे, हे घरात बसून, आईचेही म्हणणे ऐकून, आधी ठरवावे. बारावीनंतर ठरवू म्हटले, तर फार उशीर होतो.

तिथेच ठेवायचे ठरले, तर निघताना त्याच्या पिशवीत मराठीचे एक वाचनपुस्तक घालून द्या, गुरुजी. खेळाच्या मैदानावर त्याला मारवाडी पोरांच्या तोंडून 'ळ' ऐकू येईल, पण शाळेच्या हिंदी पुस्तकात तो दिसणार नाही.