रक्ताच्या राबातला मुकादम

मुलांनो, कर्जत-खालापूरकडे जून महिन्यात आलात तर राबात भाताची रोपं दाटीनं उगवलेली दिसतील. लावणी झाली की तीच रोपं पोसतात, त्यांना लोंब्या येतात. पण समजा, रोपं राबातच राहिली आणि नुसती माजत गेली, तर भात कुठून मिळणार?

असा एक राब तुमच्या हाडांतही आहे बरं का! हाडांच्या पोकळीत अस्थिमज्जा असते. तिथे दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. एवढ्या कशाला? कारण तांबडी पेशी जेमतेम १२० दिवस जगते.

मूळ पेशीनं तांबडी व्हायचं, पांढरी व्हायचं, की रक्त गोठवणारी बिंबिका, हे पेशीतली जनुकं ठरवतात. त्यातलं एक म्हणजे मुकादमच! इतर जनुकांना कामाला लावायचं, थांबवायचं, हे त्याचं काम. नाव रन्क्स-१, मुक्काम २१वं गुणसूत्र.

गंमत म्हणजे हा मुकादम सापडला तो आजारातून. १९९१ साली जपानी संशोधकांना ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत हे जनुक तुटलेलं आढळलं. मग १९९६ साली ते उंदरांतून काढून पाहिलं. पिल्लं जन्मलीच नाहीत. त्यांच्यात पक्कं रक्त तयारच होत नव्हतं! म्हणजे हे रोगाचं जनुक नव्हे, रक्त घडवणारं जनुक.

मुलांच्या ल्युकेमियाच्या एका नेहमीच्या प्रकारात १२व्या गुणसूत्रावरचं एक जनुक या रन्क्स-१ला चिकटतं. मुकादमाचे हुकूम चुकू लागतात. पुष्कळदा हे आईच्या पोटातच घडतं. तरी अशा बहुतेक बाळांना आजार कधीच होत नाही. पुढे आणखी बिघाड झाले, तरच कच्च्या पेशींची गर्दी माजते. मग मूल फिकट पडतं, ताप हटत नाही, अंगावर काळेनिळे डाग उठतात.

पालकहो, यात आईबापाची चूक नसते, नजरबिजर तर नाहीच. या प्रकारातली बहुतेक मुलं उपचारांनी बरी होतात. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोगावर उपचार करतंय. त्याचं एक केंद्र आपल्या रायगडातच, खारघरला आहे. मात्र उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. केस गळतात, पण पुन्हा येतात.

असा मित्र वर्गात परतला, तर खुशाल त्याच्या शेजारी बसा. त्याचा आजार तुम्हांला लागत नाही. पण औषधांमुळे त्याच्या पांढऱ्या पेशी कमी असतात. तेव्हा तुम्हांला सर्दी-ताप असेल, तर त्या दिवशी तुम्हीच जरा लांबच्या बाकावर बसा.