मसुराएवढ्या मेंदूच्या ऊतीला तारा कशा जोडतात?

परवा इंदुरीत शेजारची मुलगी विचारत होती, "काका, प्रयोगशाळेत मेंदू वाढवतात म्हणे. त्यातले सिग्नल कसे मोजतात?" ती बायोटेकला आहे. मी सेन्सरच्या कामातला, त्यामुळे प्रश्न आवडीचाच निघाला!

आधी एक खुलासा. हा विचार करणारा मेंदू नव्हे. मूळ पेशींपासून वाढवलेली, फार तर मसुराच्या दाण्याएवढी ऊती. तिला ऑर्गनॉइड म्हणतात. २०१३ मध्ये व्हिएन्नात मॅडलिन लँकेस्टर आणि युर्गेन नोब्लिश यांनी ती घडवून दाखवली.

पहिली अडचण म्हणजे या ऊतीत रक्तवाहिन्या नसतात. गोळा वाढला की आतल्या पेशींना ऑक्सिजन पोचत नाही, त्या मरतात. म्हणून पोषकद्रव सतत ढवळत ठेवावा लागतो. २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने यासाठी थ्रीडी प्रिंटरवर छोटं यंत्र बनवलं. मोटर एकच, पण गिअरमुळे बारा खणांतल्या पात्या फिरतात. द्रव कमी लागतो, खर्च वाचतो. त्यात सुट्टीत आलेल्या शाळकरी मुलांचाही हात होता, हे मला फार भावतं.

दुसरी अडचण माझ्या धंद्यातली. नेहमीचे इलेक्ट्रोड सपाट काचेवर असतात, गोळा टेकतो फक्त खाली. २०२२ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधल्याच डेव्हिड ग्रेशियस यांच्या गटाने पॉलिमरच्या पातळ पाकळ्यांवर सोन्याचे इलेक्ट्रोड बसवले. त्या आपोआप वळून गोळ्याला वेढतात. कल्पना डोक्यावर घालून मेंदूचे सिग्नल मोजणाऱ्या ईईजीच्या टोपीवरून सुचलेली. आता सिग्नल सगळ्या बाजूंनी मिळतात.

इलेक्ट्रोडबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा, जमेल तसं सांगतो.