संथ धावेची शिस्त

जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनचे वेध लागले की साठीच्या आसपासची काही मंडळी दवाखान्यात येऊन विचारतात, "रविवारी तीन तास धावलो तर चालेल ना?" सोबत आलेल्या मुलाच्या किंवा सुनेच्या चेहऱ्यावर काळजी असते. माझा प्रतिप्रश्न ठरलेला असतो: "किती हळू धावणार?"

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. आठवड्यातून एकदा केलेली दीर्घ, संथ धाव हा तिच्या तयारीचा कणा होय. ही धाव शर्यतीच्या वेगापेक्षा मुद्दाम हळू असते. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले, तर वेग योग्य. शब्द तुटू लागले, तर तो जास्त झाला. मध्ये काही मिनिटे चालण्यात कमीपणा मुळीच नाही.

न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी ऑलिंपिक विजेते घडवले, तसेच सामान्य प्रौढांना आणि हृदयरुग्णांनाही संथ धावण्याची वाट दाखवली. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेचे प्रशिक्षक बिल बॉवरमन त्यांच्याकडे गेले आणि अशाच एका गटाबरोबर धावले. पन्नाशीतील बॉवरमन मागे पडले, तेव्हा त्यांना सोबत केली ती सत्तरी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचे तीन झटके पचवलेल्या एका गृहस्थांनी! पुढे १९६७ मध्ये बॉवरमन यांनी एका हृदयरोगतज्ज्ञासह या विषयावर पुस्तकच लिहिले.

संथ वेगात शरीर इंधन म्हणून चरबी अधिक वापरते. सरावाने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते. मात्र दम जितका लवकर वाढतो, तितक्या लवकर कंडरा व अस्थिबंध बळकट होत नाहीत. उतारवयात त्यांना आणखी वेळ लागतो. म्हणून उत्साह असला तरी अंतर सावकाश वाढवावे आणि दर तीन-चार आठवड्यांनी एकदा ते कमी करावे.

औषधे चालू असणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची नाडी औषधामुळेच मंद राहते. त्यांनी मनगटावरील घड्याळाच्या आकड्यापेक्षा बोलण्याच्या कसोटीवर विश्वास ठेवावा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्या मधुमेहींची साखर धावताना, तसेच त्यानंतर काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही उतरू शकते. खिशात ग्लुकोज असावे आणि औषधाची मात्रा आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदलावी. धावण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घेऊ नये. घामाने शरीरातील पाणी कमी झाले असताना ती मूत्रपिंडांना अपाय करू शकते.

पाण्याबाबतही तारतम्य हवे. वयानुसार तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून थोडे थोडे पाणी घेत राहावे. पण अति पाण्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. धावण्याआधी व नंतर वजन करून पाहावे. वजन वाढले असेल, तर पाणी जास्त झाले असे समजावे.

आता घरच्यांसाठी. आईवडिलांना सरसकट मनाई करू नका आणि "एवढ्या वेळात तरुण पोरे दोनदा धावून येतील" अशी थट्टाही करू नका. अशा थट्टेमुळेच ज्येष्ठ मंडळी वेग वाढवतात. तयारीपूर्वी त्यांची हृदयतपासणी करवून घ्या. कोणत्या रस्त्याने जाणार आणि केव्हा परतणार, हे ठाऊक असू द्या. त्यांच्याजवळ मोबाइल, घरचा क्रमांक आणि औषधांची यादी असावी. छातीत दडपण, हात वा जबड्यात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही जाणवल्यास धाव तिथेच थांबवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ठरलेले अंतर पूर्ण करण्याचा हट्ट त्या दिवशी धरू नये.

ज्यांना धावणे शक्य नाही, त्यांनी हीच कसोटी चालण्याला लावावी. संथ धाव नीट झाली, हे दुसऱ्या दिवशी कळते: सकाळी जिना उतरताना गुडघे कुरकुरले नाहीत आणि दिवसभराची कामे नेहमीसारखी झाली, तर तुमचा वेग बरोबर होता.